पाच हजार शाळांचा भागीदार : ज्युलियस रोझेनवाल्ड

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आजोबा गेल्यानंतर ती उघडली तेव्हा सातबाराच्या जुन्या उताऱ्यांमध्ये घडी घातलेली एक पिवळी पावती सापडली. शाळा इमारत निधी, रुपये अकरा. खाली कुणाची तरी सही. गावच्या शाळेच्या तीन खोल्या काही लोकवर्गणीतून, काही श्रमदानातून आणि उरलेल्या सरकारी पैशांतून उभ्या राहिल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ते अकरा रुपये भरण्यासाठी आजोबांनी त्या वर्षी एक शेळी विकली होती, हे आजीने पावती पाहिल्यावर सांगितले. मग माझ्या मनात एक शंका आली आणि ती काही केल्या जाईना. ज्या माणसाने सारा भरला, काडीपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवरचा कर भरला, त्याने आपल्याच मुलांच्या सरकारी शाळेसाठी पुन्हा वर्गणी का द्यावी? आणि दिली, तर ती इमारत नेमकी कोणाची?

या शंकेचे बोट धरूनच मी एका दूरच्या माणसापर्यंत पोहोचलो. वाट मात्र आपल्या ओळखीची आहे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून टस्कीगी हे अमेरिकेतील गाव मराठी वाचकाच्या घरचेच होऊन गेले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर जेथे शिकवीत, ती संस्था बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली काढली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या, भट्ट्या फसल्या, पुन्हा लावल्या आणि इमारती उभ्या केल्या. ही कथा आपण जाणतो. परंतु याच टस्कीगीच्या आवारातून आणखी एक प्रचंड काम सुरू झाले आणि त्याचा खर्च करणाऱ्यांत शिकागोचा एक ज्यू व्यापारी होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव ज्युलियस रोझेनवाल्ड. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या खेड्यांतून सुमारे पाच हजार शाळागृहे त्याच्या मदतीने बांधली गेली. माझ्या शंकेचे उत्तर त्याच्या चरित्रात मिळेल असे मला वाटले होते. उत्तर मिळाले की शंका वाढली, ते वाचकांनीच ठरवावे.

रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला गेले, त्यांचे राहते घर याच गावात, रोझेनवाल्डांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. जन्म झाला तेव्हा यादवी युद्ध चालू होते. वडील सॅम्युएल हे जर्मनीतून आलेले. पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार माल विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे कपड्यांचे दुकान थाटले. आपल्याकडे बोहारीण किंवा कापडाचा फेरीवाला येतो, तसेच समजावे. अशा घरातील मुलाचे शिक्षण बेताचेच व्हायचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ज्युलियस न्यूयॉर्कला मामांच्या हाताखाली कपड्यांचा धंदा शिकायला गेला. ज्याने पुढे लाखो मुलांच्या डोक्यावर शाळेचे छप्पर घातले, त्याने स्वतः माध्यमिक शिक्षण पुरे केले नव्हते.

१८८५ च्या सुमारास ते शिकागोला आले आणि तयार कपड्यांचा कारखाना काढला. १८९० मध्ये ऑगस्टा नुसबाउम यांच्याशी विवाह झाला. पाच मुले झाली. येथवरचे आयुष्य कोणत्याही कष्टाळू व्यापाऱ्याचे असते तसेच आहे. खरे वळण लागले ते १८९५ साली. रिचर्ड सीअर्स नावाचा एक हुन्नरी गृहस्थ घड्याळांपासून सुरुवात करून पोस्टाने नाना प्रकारचा माल विकत होता. त्याला भांडवल हवे होते. रोझेनवाल्ड आणि त्यांचे मेहुणे आरन नुसबाउम यांनी मिळून पंचाहत्तर हजार डॉलर्समध्ये 'सीअर्स, रोबक' या कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला.

सीअर्सला जाहिरात लिहिण्याचा नाद होता. मागणी येई, पण माल वेळेवर जात नसे, आला तो जाहिरातीबरहुकूम नसे, तक्रारींचा ढीग पडे. रोझेनवाल्डांनी त्या गोंधळाला शिस्त लावली. शिकागोच्या पश्चिम भागात चाळीस एकरांवर प्रचंड वखार उभी राहिली. कोणती मागणी किती वाजता कोणत्या खिडकीतून बाहेर पडायची, याचे वेळापत्रक ठरले. वस्तू पसंत नसेल तर परत पाठवा आणि पैसे घ्या, ही हमी त्यांनी कसोशीने पाळली. कुठल्याशा आडगावच्या शेतकऱ्याच्या घरी कंपनीचा जाडजूड कॅटलॉग धर्मग्रंथाच्या शेजारी असे, असे म्हणतात. १९०८ मध्ये सीअर्स बाजूला झाला आणि रोझेनवाल्ड कंपनीचे अध्यक्ष झाले. पैसा एवढा आला की त्यांनाही त्याचे नवल वाटे. आपली श्रीमंती ही बुद्धीपेक्षा नशिबाची देणगी आहे, असे ते मोकळेपणाने मानीत. धनिकांत हा गुण विरळाच! व्यापारातील त्यांची हुशारी सांगणारी पाने मी येथे गाळतो. १९२१ च्या मंदीत कंपनी बुडू लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे दोन कोटी डॉलर्सचा आधार देऊन ती वाचवली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शिकागोतील सिनाई मंदिराचे धर्मगुरू एमिल हर्श यांची प्रवचने ते ऐकत. संपत्ती ही विश्वस्त म्हणून सांभाळायची असते, हा त्या प्रवचनांचा गाभा. याच काळात रशियात ज्यूंच्या कत्तली होत होत्या. आणि १९०८ च्या ऑगस्टमध्ये खुद्द स्प्रिंगफील्डला, लिंकनच्या गावात, गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरे जाळली, माणसे मारली. जन्मगावची ही वार्ता वाचून ज्यू कुळात जन्मलेल्या माणसाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते. १९१० मध्ये एका मित्राने त्यांना दोन पुस्तके दिली. त्यांतले एक बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र. पुढल्याच वर्षी शिकागोत दोघांची भेट झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस रोझेनवाल्ड टस्कीगी पाहून आले. लवकरच ते त्या संस्थेचे विश्वस्त झाले.

याआधीच त्यांनी देण्याची एक रीत बसवली होती. शहरांतून कृष्णवर्णीय तरुणांसाठी वाय.एम.सी.ए.च्या इमारती हव्या होत्या. जे शहर पंचाहत्तर हजार डॉलर्स जमवील त्याला आपण पंचवीस हजार देऊ, असे त्यांनी जाहीर केले. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हे त्यांचे व्यापारी तत्त्व. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला सावकार याच बोलीवर पैसे देत असत. आधी गावाने काढावे, मग आम्ही घालू.

१२ ऑगस्ट १९१२ रोजी पन्नासावा वाढदिवस आला. त्या दिवशी त्यांनी निरनिराळ्या संस्थांना मिळून सुमारे सात लाख डॉलर्स दिले. त्यांतले पंचवीस हजार टस्कीगीला. वॉशिंग्टन मोठे धोरणी. त्यातील थोडी रक्कम टस्कीगीच्या आसपासच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधून पाहायला वापरू का, असे त्यांनी विचारले. रोझेनवाल्डांनी होकार दिला. १९१३ मध्ये लोचपोका या खेड्यात पहिली शाळा उभी राहिली. एका शिक्षकाची, लाकडी, सुमारे नऊशे बेचाळीस डॉलर्स खर्चाची. त्यांतले तीनशे रोझेनवाल्डांचे. गावातील कृष्णवर्णीयांनी दीडशे डॉलर्स देऊन जमीन घेतली आणि शंभर-सव्वाशे डॉलर्सची मजुरी अंगमेहनतीने घातली. बाकीचे गोऱ्या शेजाऱ्यांनी दिले.

ही मदत कोणत्या परिस्थितीत आली, ते समजल्याखेरीज तिचे मोल कळणार नाही. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवण्यास मुभा दिली. सोयी समान असल्या की झाले, असा त्या निकालाचा अर्थ. सोयी वेगळ्या झाल्या, समान कधीच झाल्या नाहीत. कर सर्वांकडून घेतला जाई. शाळेचा पैसा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, गोऱ्या मंडळाच्या हाती असे. मतदानाचा हक्क हिरावला गेलेला कृष्णवर्णीय त्या मंडळाला जाब विचारू शकत नव्हता. मग मुलांची शाळा भरे चर्चमध्ये, नाहीतर गळक्या झोपडीत. शिक्षकाचा तुटपुंजा पगार सरकार देई, इमारत मात्र देत नसे. पगार मिळाला म्हणजे शाळा झाली, छप्पर हे तुमचे तुम्ही पाहा, हा न्याय आपल्याकडील ग्रामीण शिक्षणसंस्थांच्या चालकांनाही ओळखीचा वाटेल.

१९१४ मध्ये रोझेनवाल्डांनी शंभर शाळांसाठी तीस हजार डॉलर्स दिले. १९१५ च्या नोव्हेंबरात बुकर टी. वॉशिंग्टन वारले. काम थांबेल असे वाटत असता ते वाढतच गेले. १९१७ मध्ये रोझेनवाल्ड निधीची रीतसर स्थापना झाली. आरंभी सारा कारभार टस्कीगीतून चाले. १९२० पासून त्यासाठी नॅशव्हिल येथे सॅम्युएल स्मिथ यांच्या हाताखाली वेगळे कार्यालय निघाले.

अटी मोठ्या विचाराने घातलेल्या होत्या. गावाने निधीइतकी किंवा त्याहून अधिक रक्कम पैशात, लाकडात वा श्रमात उभी करायची. काउंटीने आपल्या करातून वाटा घालायचा आणि पुढे शाळा चालवायची. जागा दोन एकरांहून कमी नको. शाळा वर्षातून निदान पाच महिने भरली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमीन व इमारत सरकारी शिक्षण खात्याच्या नावे करून द्यायची. या शेवटच्या अटीजवळ मी फार वेळ थांबलो. तिच्याकडे पुन्हा येतो.

इमारतींचे नकाशेही तयार मिळत. पहिले नकाशे टस्कीगीचे वास्तुशिल्पज्ञ रॉबर्ट टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली निघाले, नंतरचे नॅशव्हिलहून. खेड्यात वीज नव्हती, म्हणून वर्ग पूर्व-पश्चिम उजेड घेतील अशा बेताने इमारत बसवायची. उंच खिडक्यांची सलग रांग एकाच बाजूला. उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून आला पाहिजे, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही! दोन वर्गांच्या मध्ये सरकता पडदा, तो बाजूला केला की गावाच्या सभेसाठी दालन तयार. भिंतींचे रंग ठरलेले, शेगडीची जागा ठरलेली, मुलामुलींचे संडास किती अंतरावर असावेत तेही ठरलेले. बंद खोलीत, डोळे ताणून शिकलेल्यालाच या बारकाव्यांचे महत्त्व पटेल. माझ्या शाळेतील मधल्या खोलीला एकच खिडकी होती आणि पावसाळ्यात फळा दिसत नसे, म्हणून हे मी अगत्याने लिहीत आहे.

लोकांनी वर्गणी कशी जमवली, हा या चरित्रातील सर्वांत भारावून टाकणारा भाग. बायकांनी डबे करून विकले, अंडी व कोंबड्या विकल्या. कुणी आपल्या शेतातला कापसाचा एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवी. त्याचे पीक येईल ते शाळेचे. अलाबामातील बोलिजी या गावची एक हकीगत टस्कीगीच्या प्रतिनिधीने नोंदवून ठेवली आहे. सभेत वर्गणी गोळा होत असता गुलामगिरीत जन्मलेला एक म्हातारा पुढे आला आणि त्याने एक मळकट थैली टेबलावर रिकामी केली. अडतीस डॉलर्स निघाले. ती त्याची जन्मभराची शिल्लक होती. ही हकीगत वाचली त्या रात्री मी ट्रंकेतील पावती पुन्हा काढून पाहिली.

आता आकड्यांकडे येऊ. ते रुक्ष नाहीत. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ५,३५७ इमारती झाल्या. त्यांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकांची घरे आणि १६३ हस्तव्यवसायाच्या कार्यशाळा. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात आठशेहून अधिक. साडेसहा लाखांवर मुले बसू शकतील एवढी जागा. एकूण खर्च सुमारे दोन कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलर्स. त्यांतले रोझेनवाल्डांचे किती? सुमारे साडेत्रेचाळीस लाख, म्हणजे शेकडा पंधरा. कृष्णवर्णीय गावकऱ्यांची रोख वर्गणी सत्तेचाळीस लाख, म्हणजे त्या कोट्यधीशाहून अधिक! गोऱ्यांची देणगी बारा लाख. आणि करांतून आलेले एक कोटी एक्क्याऐंशी लाख, म्हणजे शेकडा चौसष्ट.

शाळांवर नाव रोझेनवाल्डांचे लागले, पण ते या उद्योगातील लहान भागीदार होते, हे हिशेबावरूनच दिसते. त्यांचे मोठेपण मला नेमके येथे वाटते. त्यांच्या पंधरा पैशांनी काउंटीच्या तिजोरीतून चौसष्ट पैसे बाहेर काढले. जे मंडळ कृष्णवर्णीय मुलांसाठी वीट ठेवायला राजी नव्हते, ते शिकागोचा धनादेश दिसताच हलले. सरकारने आपले कर्तव्य करावे म्हणून त्यांनी सरकारला जणू लाच दिली. हा शब्द काहींना कठोर वाटेल, परंतु मला दुसरा सुचत नाही.

मात्र याची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या चौसष्ट पैशांत कृष्णवर्णीयांनी भरलेला कर होताच. म्हणजे ते एकदा कर देत, मग वर्गणी देत, मग मजुरी घालीत. गोऱ्या मुलाची शाळा करातून बांधली जाई, त्याच्या बापाला शेळी विकावी लागत नसे. अभ्यासकांनी याला दुहेरी करच म्हटले आहे. शिवाय रोझेनवाल्डांनी वेगळ्या शाळांच्या पद्धतीला हात लावला नाही. त्या चौकटीत राहूनच त्यांनी काम केले. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्यासारख्या विचारवंताला वॉशिंग्टन यांचा नमता मार्ग मान्य नव्हता आणि तो आक्षेप या शाळांनाही काही अंशी लागू पडतो. मी माझ्यापुरता तोल असा लावतो: १९१३ साली लोचपोकातील सहा वर्षांच्या मुलीला न्यायालयाच्या नव्या निकालासाठी एकेचाळीस वर्षे थांबा, असे सांगता आले नसते. पण तिच्या बापाकडून दुसऱ्यांदा पैसे घेणे न्याय्य होते, असे मात्र मी म्हणणार नाही.

रोझेनवाल्डांनी इतरही पुष्कळ दिले. म्युनिकचे विज्ञान संग्रहालय पाहून त्यांच्या मनात शिकागोत तसेच काही असावे असे आले आणि त्यासाठी त्यांनी तीस लाख डॉलर्स देऊ केले. संग्रहालयाला आपले नाव देऊ नये, हा त्यांचा हट्ट. ते १९३३ मध्ये उघडले, तेव्हा ते हयात नव्हते. निधीतून होतकरू कृष्णवर्णीय लेखक, गायक, चित्रकार व संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. गायिका मरियन अँडरसन, कवी लँग्स्टन ह्यूज आणि पुढे नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारे राल्फ बंच यांची नावे त्या यादीत आहेत. द्यू बॉइस यांनाही हे साहाय्य मिळाले, हे मुद्दाम सांगतो. टीकाकाराला मदत नाकारायची नाही, एवढी उदारता तेथे होती. अक्षय निधी ठेवून व्याजावर पिढ्यान्‌पिढ्या संस्था चालवणे त्यांना पटत नसे. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांत निधीची पै न् पै संपली पाहिजे, अशी त्यांनी अट घातली. ६ जानेवारी १९३२ रोजी ते वारले. त्याच वर्षी शाळाबांधणीचे काम थांबले. मंदीत सीअर्सचे शेअर कोसळले होते. निधी १९४८ मध्ये संपला, ठरल्यापेक्षा आधीच.

त्या शाळांतून कोण शिकले? पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात डोके फोडून घेणारे आणि नंतर संसदेत गेलेले जॉन लुईस अलाबामातील अशाच एका शाळेचे विद्यार्थी. लेखिका माया अँजेलो आर्कान्सातील अशाच शाळेच्या. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील डॅनियल आरॉन्सन व भाश्कर मझुमदार या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, या शाळांमुळे दक्षिणेतील ग्रामीण कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांच्या शिक्षणातील अंतर पुष्कळच कमी झाले. खोली बांधल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर देता येईल.

आता त्या अटीकडे येतो. इमारत सरकारच्या नावे करावी, हा आग्रह रोझेनवाल्डांनी का धरला असेल? शाळा खाजगी राहिली, तर सरकार ती कायमची दात्यांच्या आणि गावकऱ्यांच्या गळ्यात टाकील. सरकारी झाली, की शिक्षकाचा पगार, डागडुजी, वर्गवाढ ही सरकारची जबाबदारी. तर्क बिनतोड आहे. आज अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या वेषात उभा आहे. १९९१ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून चार्टर शाळा सुरू केल्या. सरकारी पैशांवर चालणाऱ्या, मुलांकडून फी न घेणाऱ्या, पण कारभारात बऱ्याच अंशी स्वतंत्र अशा या शाळा. मुलामागे ठरावीक रक्कम सरकार देते. इमारत मात्र बहुतेक ठिकाणी शाळेने स्वतः शोधायची. मग शिकवण्यासाठी आलेल्या पैशांतून भाडे भरावे लागते, कुठे जुन्या गोदामात, कुठे चर्चच्या तळघरात वर्ग भरतात. काही राज्ये भाड्यासाठी वेगळे अनुदान देतात. सरकारने इमारतीलाही पैसा द्यावा, असे एक पक्ष म्हणतो. मूल जर जनतेचे, तर त्याच्या डोक्यावरचे छप्परही जनतेच्या खर्चाने का नको? दुसरा पक्ष विचारतो, शाळा उद्या बंद पडली, तर जनतेच्या पैशाने बांधलेली वास्तू कोणाकडे जाणार? दोन्ही प्रश्न खरे आहेत. रोझेनवाल्ड असते, तर त्यांनी पैसे दिले असते आणि खरेदीखत सरकारच्या नावे मागितले असते, असा माझा अंदाज.

पण खरेदीखत सरकारच्या नावे झाले म्हणजे सारे सुरळीत होते, असेही इतिहास सांगत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल थोर आणि हवाच होता. त्याच्या अंमलबजावणीत मात्र कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांची मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली. उलटे सहसा झाले नाही. रोझेनवाल्ड शाळा एकामागून एक ओस पडल्या. कागदोपत्री त्या काउंटीच्या. काउंटीने काही पाडल्या, काही विकल्या, काहींचे गोदाम केले, काही गवतात कुजू दिल्या. ज्यांच्या आजोबांनी जमीन विकत घेऊन दान दिली, आजीने अंडी विकून खिडक्यांच्या काचा घातल्या, त्यांचा त्या वास्तूवर कवडीचा हक्क उरला नाही. कित्येक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनी, चर्चने, गावच्या मंडळाने वर्गणी काढून तीच इमारत परत विकत घेतली. एका शाळेसाठी किती वेळा पैसे मोजायचे?

पाच हजारांपैकी जेमतेम पाचशे इमारती आज उभ्या असतील. २००२ साली अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय विश्वस्त संस्थेने रोझेनवाल्ड शाळांना सर्वाधिक धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत घातले, तेव्हा शहरी लोकांना त्या प्रथम कळल्या. गावच्या लोकांनी त्याआधीच हातपाय हलवले होते. जॉर्जिया राज्यातील कॅसव्हिल येथे १९२३ साली बांधलेली नोबल हिल शाळा १९५५ मध्ये बंद पडली. तेथे शिकलेल्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी पैसे जमवून ती दुरुस्त केली आणि १९८९ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. २०२१ च्या जानेवारीत संघराज्य सरकारने एक कायदा केला. रोझेनवाल्ड व त्यांच्या शाळांचे राष्ट्रीय उद्यान खात्यामार्फत जतन करता येईल काय, याचा अभ्यास करावा, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे सरकारी तिजोरीतून या लाकडी भिंतींसाठी पुन्हा एकदा पैसा निघण्याची शक्यता तरी निर्माण झाली.

आमच्या गावच्या तीन खोल्यांवर आता सिमेंटचा गिलावा चढला आहे आणि मधल्या खोलीला दुसरी खिडकी पाडली आहे. ती कोणत्या निधीतून पाडली, हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी कपाटातून पावतीपुस्तक काढून दाखवले.